ईव्हीची बातमी वाचायची कशी: सरकारचा हात कुठे आणि बाजाराचा कुठे

एका देशात ईव्हीची विक्री दुप्पट झाली म्हणून बातमी येते, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या देशात विक्री कोसळली म्हणून येते, मग कुठली तरी बॅटरी कंपनी दिवाळखोरीत निघते आणि त्याच आठवड्यात कोणीतरी नवा कारखाना जाहीर करतं, आणि वाचणाऱ्याला काही केल्या कळत नाही की हा धंदा नक्की चाललाय तरी कुठे. गोंधळ होतो कारण सरकारने काय केलं आणि बाजाराने काय केलं हे एकाच वाक्यात कोंबून सांगितलेलं असतं. हे दोन्ही वेगळं काढता येतं, त्यासाठी अर्थशास्त्र शिकायची गरज नाही, चार-पाच प्रश्न विचारायची सवय लागली की पुरे. मी कुठलीही ईव्हीची बातमी अशीच वाचतो, म्हणून ते प्रश्न इथे नीट लिहून ठेवतोय.

सगळ्यात आधी तारीख बघा

विक्रीचा आकडा दिसला की पहिला प्रश्न हाच, की आसपास कुठली सबसिडी सुरू झालीय किंवा संपलीय का. सबसिडी किती आहे यापेक्षा ती कधी संपते हे जास्त महत्त्वाचं, कारण लोक आणि डीलर दोघंही तारीख बघून वागतात.

जर्मनीचं उदाहरण घ्या, याच्याइतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही. तिथे कंपन्यांच्या नावावर घेतल्या जाणाऱ्या ईव्हींचा बोनस, म्हणजे सबसिडी, १ सप्टेंबर २०२३ पासून बंद होणार हे आधीच जाहीर होतं. झालं काय, तर ऑगस्ट २०२३ मध्ये सगळ्यांनी घाईघाईने गाड्या नोंदवून घेतल्या आणि त्या एका महिन्यात ८६ हजारांवर पूर्ण इलेक्ट्रिक गाड्यांची नोंदणी झाली, आणि पुढच्याच महिन्यात आकडा ३२ हजारांच्याही खाली. आता एक वर्ष पुढे जा. ऑगस्ट २०२४ मध्ये २७ हजारांच्या आसपास गाड्या नोंदल्या गेल्या आणि जगभर हेडलाइन लागली, जर्मनीत ईव्हीची विक्री ६९ टक्क्यांनी घसरली. टक्केवारी बरोबरच होती, पण तुलना कोणाशी केली होती, तर सबसिडी संपायच्या आधीच्या त्या फुगलेल्या महिन्याशी. म्हणजे एका वर्षात ग्राहकाचं मन एवढं उलटलं असा अर्थ काढायला त्या आकड्यात काही आधारच नव्हता.

याचा अर्थ जर्मनीत घसरण झालीच नाही असं नाही हां. नोव्हेंबर २०२३ मध्ये घटनात्मक कोर्टाने सरकारने एका निधीत वळवलेली रक्कम रद्द ठरवली, त्यातून पैसे येणार होते ते थांबले, आणि सरकारने डिसेंबरच्या मध्यावर उरलेला बोनसही जवळजवळ रातोरात बंद करून टाकला, मग २०२४ चं पूर्ण वर्ष २७ टक्क्यांनी खाली गेलं, ५ लाख २४ हजारांवरून ३ लाख ८० हजारांवर. खरी घसरण ही, २७ टक्क्यांची. ६९ हा आकडा कॅलेंडरमुळे आलेला. भारतात जून २०२३ मध्ये इलेक्ट्रिक दुचाकींची सबसिडी कमी झाली तेव्हा मे महिन्यात उडी आणि जूनमध्ये आपटी, सेम गोष्ट. अमेरिकेत साडेसात हजार डॉलरची टॅक्स क्रेडिट ३० सप्टेंबर २०२५ ला संपली, तर त्याआधीच्या तिमाहीत विक्रमी विक्री आणि लगेच ऑक्टोबरमध्ये घसरण.

त्यामुळे करायचं एवढंच, की कुठल्याही एका महिन्याच्या टक्केवारीवर थांबायचं नाही. तारखेच्या आधीचे तीन महिने आणि नंतरचे तीन महिने एकत्र जोडायचे, मग त्याची आदल्या वर्षीच्या त्याच सहा महिन्यांशी तुलना करायची. आदल्या वर्षीही अशीच एखादी तारीख पडली होती का तेही बघून घ्यायचं, नाहीतर पुन्हा तोच घोळ.

ग्राहकाला पैसे दिलेत की कंपनीला दंडाची भीती घातलीय

दुसरा प्रश्न हा. सबसिडी सगळ्यांना दिसते म्हणून तिच्यावरच चर्चा होते, पण माझं स्पष्ट मत आहे की उद्योगाला वळण लावण्याचं खरं काम दंड आणि कोट्याचे नियम करतात, आणि ते कोणी वाचत नाही.

युरोपियन युनियनमध्ये प्रत्येक कंपनीला तिच्या विकलेल्या सगळ्या नव्या गाड्यांच्या सरासरी कार्बन उत्सर्जनाची मर्यादा आहे. मर्यादेच्या वर गेलं की प्रत्येक ग्रॅममागे, प्रत्येक गाडीमागे ९५ युरो दंड. ऐकायला किरकोळ वाटतं ना, पण हिशोब करा. समजा एखादी कंपनी वर्षाला १० लाख गाड्या विकते आणि सरासरी ५ ग्रॅमने चुकते, तर गाडीमागे ४७५ युरो आणि एकूण ४७ कोटी ५० लाख युरो. एवढा दंड भरण्यापेक्षा काही हजार ईव्ही तोट्यात विकलेल्या परवडतात, कारण प्रत्येक ईव्ही ती सरासरी खाली ओढते. म्हणून २०२० मध्ये, नवी मर्यादा लागू झाली त्याच वर्षी, कोविडमुळे गाड्यांचा बाजार झोपलेला असताना युरोपियन युनियनमध्ये प्लगवाल्या गाड्यांचा, म्हणजे पूर्ण इलेक्ट्रिक आणि चार्ज करता येणाऱ्या हायब्रिड मिळून, वाटा ३ टक्क्यांवरून १० टक्क्यांच्या वर गेला. लोकांना अचानक ईव्ही आवडायला लागल्या असं नव्हतं, काही देशांनी त्या वर्षी सबसिडी वाढवली होती हे खरं, पण मुळात कंपन्यांनी मॉडेल बाजारात आणली कारण आता आणली नाहीत तर दंड बसणार होता.

ज्यांना जमत नाही ते दुसऱ्याकडून क्रेडिट, म्हणजे मर्यादेपेक्षा कमी उत्सर्जन केल्याचं शिल्लक श्रेय, विकत घेतात. ईव्हीच बनवणाऱ्या कंपनीकडे अशी क्रेडिट्स भरपूर शिल्लक पडलेली असतात आणि ती विकायला तिला फार काही खर्च येत नाही. टेस्लाने २०२० मध्ये पहिल्यांदा पूर्ण वर्षाचा नफा दाखवला, ७२ कोटी डॉलर, आणि त्याच वर्षी तिला अशा क्रेडिट विक्रीतून १५८ कोटी डॉलर मिळाले होते. म्हणजे पेट्रोल गाड्या विकणाऱ्या कंपन्यांनी भरलेला पैसा त्यांच्याच प्रतिस्पर्ध्याच्या ताळेबंदात जाऊन बसला. सरकारच्या तिजोरीतून यात एक पैसा गेला नाही, आणि तरी हा पूर्णपणे सरकारी नियमाने तयार झालेला पैसा आहे. ईव्ही कंपनीचा तिमाही निकाल वाचताना क्रेडिटचा आकडा वेगळा काढून बाकी काय उरतं ते बघाच, कारण सरकारने नियम सैल केला की तो आकडा आटतो.

आणि शोरूममध्ये ईव्हीवर मोठी सवलत दिसली तरी लगेच मागणी नाही म्हणून स्वस्त केली असं समजू नका. ब्रिटनमध्ये कोटा आहे, २०२४ ला विक्रीच्या २२ टक्के गाड्या ईव्ही हव्यात, २०२५ ला २८, आणि २०३० पर्यंत ८० टक्के. तिथे वर्ष संपत आलं की कंपन्या कोटा पुरा करण्यासाठी भाव पाडतात. भाव पाडला बाजाराने असं दिसतं, पण त्यामागे कोट्याचा नियम असतो.

अटी वाचा, योजनेचं नाव नव्हे

सरकार नुसते पैसे देत नाही, कोणत्या गाडीला द्यायचे हे ठरवतं, आणि त्या अटीमुळे अख्खं तंत्रज्ञान एका बाजूला झुकतं. चीनमध्ये हे दोनदा झालं आणि दोन्ही वेळा जगावर परिणाम झाला.

एक म्हणजे बॅटरी. २०१७ पासून चीनने सबसिडी बॅटरीच्या ऊर्जा घनतेशी जोडली, म्हणजे एक किलो बॅटरीत जितकी जास्त वीज मावेल तितके जास्त पैसे, शिवाय रेंज जास्त असेल तर अजून. लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी सेल, हे स्वस्त, टिकाऊ आणि आग लागायला अवघड, पण जड. त्यामुळे कंपन्या धावल्या निकेल-कोबाल्टवाल्या सेलकडे. मग सबसिडी वर्षावर्षाला कमी होत गेली तशी कंपन्यांनी परत हिशोब केला, की आता सरकार पैसे देतच नाहीये तर महाग सेल कशाला वापरायचे, आणि एलएफपी परत आलं. बीवायडी या चिनी कंपनीने २०२० मध्ये लांब पात्यासारखे एलएफपी सेल थेट पॅकमध्ये बसवून जागा वाचवली, जडपणाची अडचण बरीच कमी झाली, आणि २०२१ मध्ये चीनमधल्या गाड्यांत बसवलेल्या बॅटऱ्यांमध्ये एलएफपी पुढे गेलं. मला हा सगळा प्रवास फार बोलका वाटतो, सरकारच्या अटीने जे तंत्रज्ञान मागे ढकललं तेच सबसिडी आटल्यावर बाजाराने पुढे आणलं, आणि आज जगभरात स्वस्त ईव्ही शक्य होतायत त्या बऱ्याचशा त्याच सेलवर.

दुसरं, यादी. २०१५ पासून चीनमध्ये मान्यताप्राप्त बॅटरी उत्पादकांची एक यादी होती, सबसिडी हवी तर बॅटरी त्या यादीतल्या कंपनीची पाहिजे. एलजी आणि सॅमसंग यांचे चीनमध्येच कारखाने होते, तरी त्या यादीत नव्हत्या. २०१९ मध्ये यादी रद्द झाली, पण तोपर्यंत २०११ मध्ये सुरू झालेली सीएटीएल जगातली सगळ्यात मोठी बॅटरी कंपनी झाली होती. कागदावर ती दर्जाची यादी होती, परिणाम मात्र आयातबंदीसारखा झाला. तेव्हा कुठलीही योजना वाचताना पात्रता कोणाची, हा परिच्छेद सगळ्यात सावकाश वाचा. जोडणी कुठे झाली पाहिजे, सेल कुठून आलेले चालतील, गाडीची किंमत किती असावी, यातून कोण बाहेर पडतं ते बघा. योजना कोणासाठी केलीय ते तिथेच कळतं.

अटी फक्त पैशाच्याही नसतात. शांघायमध्ये पेट्रोल गाडीची नंबर प्लेट लिलावात साधारण ९० हजार युआनला जायची आणि ईव्हीची फुकट मिळायची, बीजिंगमध्ये प्लेटसाठी लॉटरी. ही गोष्ट सबसिडीच्या आकड्यात कुठेच येत नाही.

आता बाजार: सेलचा भाव

बाजाराची बाजू बघायची तर एकच आकडा लक्षात ठेवा, बॅटरी पॅकचा भाव प्रति किलोवॅट-अवर, म्हणजे एक युनिट वीज साठवण्याच्या क्षमतेमागे. २०१० च्या सुमारास तो एक हजार डॉलरच्या वर होता, ब्लूमबर्ग एनईएफ या संशोधन संस्थेच्या सर्व्हेत २०२४ मध्ये तो सरासरी ११५ डॉलर झाला. ६० किलोवॅट-अवरचा पॅक धरा, म्हणजे तेव्हा ६० हजार डॉलरची नुसती बॅटरी आणि आता सात हजारांच्याही आत. हे एकट्या सरकारने केलं नाही आणि एकट्या बाजारानेही नाही. सबसिडीमुळे मागणी तयार झाली, मागणीमुळे कारखाने मोठे झाले, कारखाने मोठे झाले म्हणून दर सेलमागे खर्च उतरला. फक्त सरासरी बघून फसू नका, त्याच सर्व्हेत चीनमधला भाव ९४ डॉलर होता आणि अमेरिका, युरोपात बराच जास्त. एवढा फरक असला की आयात शुल्काचं भांडण येणारच.

हा भाव सरळ रेषेत खाली येत नाही. २०२२ मध्ये तो उलट वाढला होता, कारण लिथियम कार्बोनेट, म्हणजे बॅटरीचा कच्चा माल, चीनमध्ये टनाला जवळपास ६ लाख युआनवर गेलं होतं. तो भाव बघून खाणवाल्यांनी सगळीकडे उत्पादन वाढवलं, ते बाजारात येईपर्यंत मागणीचा वेग मंदावला, आणि २०२३ संपता संपता भाव १ लाखाच्या आसपास. वर्षभरात सहावा हिस्सा! सेल स्वस्त झाले आणि चीनमधलं किंमतयुद्ध आणखी पेटलं. अशा वेळी एखादी गाडी कंपनी बुडाली तर ईव्हीला मागणी नाही असा निष्कर्ष काढू नका, बऱ्याचदा मागणी असते पण गाड्या विकणाऱ्या कंपन्या गरजेपेक्षा जास्त झालेल्या असतात.

कच्च्या मालातही सरकार असतंच. इंडोनेशियाने जानेवारी २०२० पासून निकेलचं खनिज जसंच्या तसं निर्यात करायला बंदी घातली, शुद्ध करायचं तर इथे येऊन करा. चिनी कंपन्यांनी तिथे जाऊन भट्ट्या उभारल्या, निकेल इतकं निघालं की भाव पडले आणि ऑस्ट्रेलियातल्या निकेल खाणी बंद ठेवायची वेळ आली. एप्रिल २०२५ मध्ये चीनने मोटरच्या चुंबकात लागणाऱ्या काही दुर्मिळ मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवाना लावला आणि महिन्या-दोन महिन्यांत दुसऱ्या देशांतल्या गाड्यांच्या लाइन थांबल्या, त्यात पेट्रोलच्या गाड्यासुद्धा होत्या. कुठल्या देशाने काय थांबवलं हे वाचताना खाण कुठे आहे यापेक्षा शुद्धीकरण कुठे होतं ते शोधा.

जुन्या गाडीचा भाव, ज्याच्याकडे कोणी बघत नाही

नवी ईव्ही किती विकली जाईल हे बऱ्याच अंशी जुन्या ईव्हीच्या भावावर ठरतं. जिथे गाड्या लीजवर जातात तिथे तर हप्ता निघतोच तसा, गाडीची आजची किंमत वजा तीन-चार वर्षांनी येणारी किंमत, भागिले महिने. तीन वर्षांनंतरचा भाव पडेल अशी भीती असली की नवीन गाडीची किंमत तीच असूनही हप्ता वाढतो. गाड्या भाड्याने देणाऱ्या हर्ट्झ कंपनीने २०२१ मध्ये एक लाख टेस्ला मागवल्याचं जाहीर केलं, मग जानेवारी २०२३ पासून टेस्लाने नव्या गाड्यांचे भाव जोरात कापले, त्याबरोबर सगळ्या जुन्या टेस्लांचाही भाव उतरला, आणि जानेवारी २०२४ मध्ये हर्ट्झने २० हजार ईव्ही विकून टाकायचं ठरवलं. दुरुस्तीचा खर्च हेही एक कारण होतं, पण किंमत पडण्याचा घाव मोठा. म्हणून नव्या गाडीची सबसिडी जाहीर झाली की एक क्षण थांबून विचार करा, ज्याच्याकडे आधीच ईव्ही आहे त्याच्या गाडीचं काय होणार. नवी स्वस्त झाली की जुनीही पडते, आणि फ्लीटवाले, म्हणजे एकदम खूप गाड्या घेणाऱ्या कंपन्या, पुढच्या वेळी हात आखडता घेतात.

नॉर्वेचं उदाहरण कोणी दिलं तर

देतातच. २०२४ मध्ये तिथे विकलेल्या नव्या कारपैकी ८८.९ टक्के पूर्ण इलेक्ट्रिक होत्या, कौतुक वाटावं असाच आकडा आहे. पण तिथे ईव्हीला रोख सबसिडी देण्यापेक्षा पेट्रोल-डिझेल गाड्यांवर जबर टॅक्स होता आणि ईव्हीला त्यातून माफी, शिवाय २००१ पासून २५ टक्के व्हॅटही माफ. दोन्ही गाड्या शेजारी ठेवल्या तर ईव्हीच स्वस्त पडायची. स्वतःचा कार उद्योग जवळपास नाही, त्यामुळे आमचे कारखाने बंद पडतील म्हणून ओरडणारं कोणी नाही. वीज जवळजवळ सगळी पाण्यावरची. आणि मुख्य म्हणजे धोरण सरकारं बदलली तरी वीसेक वर्षं टिकलं. यातली टिकून राहायची गोष्ट कुठल्याही देशाला घेता येते, बाकीच्या तशाच्या तशा उचलता येत नाहीत. मला वाटतं नॉर्वेकडून हेच एक शिकावं, कारण कारखाना उभा करणाऱ्याला सबसिडी कमी असली तरी चालते, ती मधेच गायब झालेली चालत नाही.

आयात शुल्काबद्दल थोडक्यात. अमेरिकेने २०२४ मध्ये चिनी ईव्हीवर १०० टक्के शुल्क लावलं, तिथे दार बंदच. युरोपने ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीनुसार वेगळं लावलं, बीवायडीला १७ टक्के आणि एसएआयसी या दुसऱ्या चिनी कंपनीला ३५.३, हे आधीच्या १० टक्क्यांवर. ते होतं फक्त पूर्ण इलेक्ट्रिक गाड्यांवर, तर चिनी कंपन्यांनी प्लग-इन हायब्रिड जास्त पाठवायला सुरुवात केली आणि बीवायडीने हंगेरीत कारखाना उभारायचं आधीच जाहीर केलं होतं. शुल्काची बातमी आली की त्यातून कोणता प्रकार सुटलाय ते बघा, माल तिकडूनच येणार.

बाजार स्वतःच्या पायावर उभा आहे का, हे तपासायचं

हीच कसोटी माझ्या मते सगळ्यात उपयोगाची. सबसिडी काढल्यावर काय झालं ते बघायचं, लगेचच्या महिन्याचं नाही, वर्षभराचं. चीनने २०१९ च्या मध्यावर सबसिडी मोठी कापली आणि वर्षाची विक्री ४ टक्क्यांनी उतरली, १२ लाखांच्या आसपास. तीच केंद्रीय सबसिडी २०२२ च्या शेवटी पूर्ण संपली, आणि २०२३ मध्ये विक्री ६९ लाखांवरून ९५ लाखांवर गेली, यात प्लग-इन हायब्रिडही आल्या. मधल्या तीन-चार वर्षांत सेल स्वस्त झाले होते, घ्यावीशी वाटेल अशी मॉडेल आली होती, चार्जर वाढले होते. अर्थात खरेदी टॅक्सची माफी चालूच होती, त्यामुळे सरकारने हात पूर्ण काढला असंही म्हणता येणार नाही. पण सबसिडीचा टेकू काढल्यावर २०१९ मध्ये जो बाजार डगमगला तो २०२३ मध्ये हललाही नाही, एवढं नक्की.

तुम्ही ज्या देशाची बातमी वाचताय तिथे हे तपासायचं असेल तर तीन गोष्टी मिळवा: सबसिडी धरून आणि न धरून ईव्ही आणि तशाच पेट्रोल गाडीच्या किमतीत किती फरक आहे, रोजचं चार्जिंग घरी होतं की बाहेरच्या महागड्या चार्जरवर, आणि कोट्याचा किंवा दंडाचा नियम पुढच्या कुठल्या वर्षी कडक होतोय. फरक सबसिडीशिवायच मिटत आला असेल तर सबसिडी गेल्याची बातमी वाचून घाबरायचं कारण नाही, आणि फरक अजून मोठा असेल तर दणदणीत विक्रीच्या बातमीवरही फार विश्वास ठेवू नका.

आणि जिथे ईव्ही बऱ्यापैकी वाढल्यात तिथे पुढची बातमी इंधनावरच्या टॅक्सची येणार, कारण पेट्रोलवर सरकारला मिळणारा पैसा कमी होतो आणि रस्ते तर दुरुस्त करावेच लागतात. आइसलँडने जानेवारी २०२४ पासून ईव्हीला किलोमीटरमागे ६ क्रोना लावले, न्यूझीलंडने एप्रिल २०२४ पासून ईव्हीला रस्ता वापराचा आकार सुरू केला, नॉर्वेने २०२३ पासून ५ लाख क्रोनरच्या वरच्या किमतीवर व्हॅट घ्यायला सुरुवात केली. ईव्ही घ्यायचा हिशोब करताना आजची सवलत आणि पाच वर्षांनंतरचा असा आकार, दोन्ही धरूनच करा.